एकशे पाचचा आकडा : दशावताराच्या एका रात्रीच्या बिघडलेल्या फोटोंचा तपास

कार्तिकी पौर्णिमा उलटून तळकोकणात जत्रांचा हंगाम सुरू झाला, तेव्हा कुडाळ तालुक्यातल्या एका देवळात मी प्रथमच नव्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यावर बाबांच्या जुन्या लेन्स लावून रात्रभर दशावताराचे फोटो काढले. कॅमेरा निकॉन झेड ५ होता आणि लेन्स तीन होत्या : २८ मिमी एफ २.८, ५० मिमी एफ १.८ आणि १०५ मिमी एफ २.५. (मिमीचा आकडा म्हणजे फोकल लेन्थ : तो मोठा असला की लेन्स ‘लांब’, म्हणजे दूरचे जवळ दाखवणारी, आणि लहान असला की ‘रुंद’. एफचा आकडा म्हणजे ॲपर्चर, लेन्समधले प्रकाश आत घेणारे छिद्र; आकडा लहान तितके छिद्र मोठे.) तिन्ही निकॉनच्याच, हाताने फोकस करायच्या आणि बाबांनी आपल्या फोटो स्टुडिओसाठी १९८०च्या दशकात एकेक करून घेतलेल्या. पहाटे दहीकाला होईपर्यंत चारशेच्या आसपास फोटो झाले. दुसऱ्या दिवशी ते संगणकावर पूर्ण आकारात उघडून पाहिले, तेव्हा १०५ मिमीचे बहुतेक फोटो उत्तम निघाले होते, ५० मिमीचे निम्म्याहून अधिक मऊ, म्हणजे अस्पष्ट, पडले होते आणि २८ मिमीचे जवळजवळ सगळे वाया गेले होते.

हातात कॅमेरा धरून फोटो काढणाऱ्या कोणालाही हा क्रम खटकायला हवा. हात हलल्याचा दोष लांब लेन्सवर सर्वांत जास्त दिसतो आणि रुंद लेन्सवर सर्वांत कमी, हे आपण पहिल्या वर्षातच शिकतो. इथे नेमके उलटे घडले होते. तरीही या उलट क्रमाकडे माझे लक्ष गेले नाही, कारण बिघडलेल्या दोन्ही लेन्सच्या बाबतीत माझ्याकडे एकेक कारण आधीच तयार होते. ५० मिमीच्या काचेत बुरशी होती आणि २८ मिमी वापरताना जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्याला जोडणाऱ्या अडॅप्टरबद्दल मला आधीपासून शंका होती. दोन्ही कारणे अंशतः खरी होती, आणि म्हणूनच तिसरे, खरे कारण सापडायला तीन आठवडे गेले. जुन्या लेन्स नव्या कॅमेऱ्यावर वापरणाऱ्यांपैकी अनेक जण ‘जुनी काच आजच्या सेन्सरला पुरी पडत नाही’ असा निष्कर्ष काढून त्या लेन्स परत कपाटात ठेवतात. मीही त्या निष्कर्षाच्या अगदी जवळ पोहोचलो होतो, म्हणून हा तपास सविस्तर लिहीत आहे.

आधी या जोडणीची रचना सांगणे आवश्यक आहे. निकॉनचा एफ माउंट, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडणारी बैठक, १९५९ साली निकॉन एफ या कॅमेऱ्याबरोबर आला. त्यात लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर ४६.५ मिमी आहे, कारण मधल्या जागेत वर-खाली होणारा आरसा बसवायचा असतो. २०१८ साली आलेल्या झेड माउंटमध्ये आरसाच नसल्यामुळे हे अंतर अवघे १६ मिमी आहे. या दोहोंमधला ३०.५ मिमीचा फरक एका पोकळ नळकांड्याने, म्हणजे अडॅप्टरने, भरून काढला की जुनी लेन्स फिल्मच्या जागी असलेल्या सेन्सरपासून तिला हव्या त्याच अंतरावर येते, आणि मध्ये कोणतीही जादा काच न घालता ती अनंतापर्यंत, म्हणजे अगदी दूरच्या वस्तूंपर्यंत, फोकस करू शकते. सोनी, कॅनन, फुजी यांच्या मिररलेस कॅमेऱ्यांवर इतक्या प्रकारच्या जुन्या लेन्स बसतात त्याचे कारणही हेच आहे. उलट आरसा असलेल्या डिजिटल कॅमेऱ्यांच्या काळात कॅननच्या स्वतःच्या जुन्या एफडी लेन्स कॅननच्याच ईओएस कॅमेऱ्यांवर नीट चालत नसत, कारण एफडीचे अंतर ४२ मिमी आणि ईओएसचे ४४ मिमी. लेन्स आपोआपच २ मिमी दूर जाई आणि अनंताचा फोकस हरवे.

माझ्याकडे पूर्वी आरसा असलेला निकॉनचा एक लहान डिजिटल कॅमेरा होता. त्यावर बाबांच्या लेन्स अडॅप्टरशिवाय थेट बसत, मात्र त्या बसवल्या की कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर बंद पडे आणि एक्स्पोजर, म्हणजे फोटोला किती प्रकाश द्यायचा ते, अंदाजाने लावावे लागे. मिररलेस कॅमेऱ्यावर ही अडचण राहिली नाही. सेन्सर लेन्समधून प्रत्यक्ष येणारा प्रकाशच मोजतो, त्यामुळे लेन्सने आपला ॲपर्चर किती आहे हे कॅमेऱ्याला सांगितले नाही तरी एक्स्पोजर बरोबर येते. व्ह्यूफाइंडरमधले चित्र दहापट मोठे करून पापणीच्या केसावर फोकस लावता येतो. या सोयींमुळे एक समज नकळत पक्का होतो, तो म्हणजे कॅमेऱ्याला या लेन्सबद्दल लागणारे सगळे कळले आहे. वस्तुतः या लेन्समध्ये चिप नाही आणि विजेचा एकही संपर्कबिंदू नाही. त्या मुक्या आहेत. आपल्यापुढे २८ मिमी आहे की १०५ हे कॅमेऱ्याला माणसाने सांगितल्याशिवाय कळत नाही, आणि या प्रकरणातला दोष अखेर याच ठिकाणी सापडला.

त्या रात्रीची कामाची पद्धत अशी होती. आड दशावतारातला काळ्या वेशातला संकासूर, नंतर मुख्य आख्यानातले राजे आणि राण्या, यांचे चेहरे १०५ मिमीने, एफ २.८ आणि सेकंदाचा दोनशेवा भाग या वेगाने काढले. पेटी, मृदंग आणि झांज वाजवणाऱ्यांचा बाजूचा गट ५० मिमीने, बहुधा साठाव्या भागाला टिपला. मंडपभर दाटीने बसलेली माणसे, मधले सिंहासनाचे बाकडे आणि वर टांगलेल्या विजेच्या माळा असे सगळे एका चौकटीत घेण्यासाठी २८ मिमी, एफ ४ आणि तिसावा भाग वापरला, कारण प्रेक्षकांवर उजेड फारच कमी होता. लेन्स अंधारात पाच-सहा वेळा बदलल्या. २८ मिमी लावल्यावर मी व्ह्यूफाइंडरमधून फोकस न करता लेन्सवरच्या मोजपट्टीवर ५ मीटर लावून ठेवत असे. बाबा लग्नाच्या मांडवात असेच करत आणि मी त्यांच्याकडूनच ते शिकलो.

पहिला संशय बुरशीवर गेला. कोकणात जून ते सप्टेंबर या काळात हवेतला ओलावा इतका असतो की कातडी पिशवीत बंद करून कपाटात ठेवलेली लेन्स क्वचितच निर्दोष राहते. कातडे ओलावा धरून ठेवते, आणि अंधार व कोंदटपणा यांत बुरशी काचेवरच्या लेपावर कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते. आमच्या ५० मिमीच्या पुढच्या काचेच्या आतल्या बाजूला अशी एक फांदी कडेपासून आत आली होती. मुंबईत बोरा बाजारच्या परिसरात लेन्स उघडून साफ करणाऱ्या एका कारागिराकडून ती जत्रेच्या आधीच स्वच्छ करून आणली होती. मात्र बुरशीतून निघणारे आम्ल काचेवरच्या लेपाला खाते, आणि ती खूण पुसून जात नाही. दिव्याकडे तोंड करून पाहिले की ती आजही दिसते. त्यामुळे ५० मिमीचे फोटो मऊ दिसताच मी तिला दोष देऊन मोकळा झालो.

या लेन्सच्या ॲपर्चरच्या पात्यांवर तेलही उतरलेले होते, आणि त्याबद्दल थोडे विषयांतर करतो, कारण जुन्या लेन्स विकत घेणारे याला फार घाबरतात. आरसा असलेल्या कॅमेऱ्यात फोकस करताना ॲपर्चर पूर्ण उघडा असतो आणि बटण दाबल्यावर क्षणार्धात ती पाती लावलेल्या आकड्यापर्यंत मिटावी लागतात. तेलाने ती चिकटली तर वेळेत मिटत नाहीत आणि फोटो जास्त उजळ येतो. साध्या अडॅप्टरने मिररलेस कॅमेऱ्यावर लावलेल्या लेन्समध्ये पाती रिंग फिरवतानाच मिटलेली असतात, त्यांना घाई नसते. म्हणून जी लेन्स जुन्या फिल्म कॅमेऱ्यावर निकामी ठरली असती ती इथे एक्स्पोजरच्या दृष्टीने पूर्ण उपयोगी पडते. तेल उन्हाळ्यात काचेवर धूसर थर धरू शकते, त्यामुळे ते काढून घेणे चांगलेच. पण तेवढ्यासाठी लेन्स नाकारण्याचे कारण नाही.

बुरशीचा संशय फिटला तो विजेच्या माळांमुळे. मंडपात टांगलेले एलईडीचे बारीक दिवे म्हणजे तपासासाठी आयते मिळालेले प्रकाशबिंदू होते. बिंदूचा फोटो कसा बिघडतो यावरून बिघाडाची जात कळते. काचेवर बुरशीची खूण किंवा धूसरपणा असेल तर बिंदू जागच्या जागी टोकदार राहतो आणि त्याभोवती फिकट प्रभावळ पसरते. काळे भाग करडे होतात. फोकस चुकला असेल तर बिंदूची चकती होते आणि ॲपर्चर थोडा मिटवलेला असेल तर त्या चकतीला पात्यांच्या संख्येइतके कोन येतात. कॅमेरा हलला असेल तर बिंदूची रेघ होते आणि सगळ्या दिव्यांच्या रेघा एकाच बाजूला कललेल्या असतात. ५० मिमीच्या फोटोंत प्रभावळ होती हे खरे, पण तिच्या मधोमध बिंदू नव्हता, छोटी तिरपी रेघ होती. बुरशी रेघ काढू शकत नाही.

२८ मिमीच्या फोटोंनी आणखी गोंधळात टाकले. तिथे बऱ्याच दिव्यांच्या जागी रेघही नव्हती, तर जवळजवळ असलेले तीन वेगळे ठिपके होते. लेन्समधली एखादी काच जागेवरून सरकली असावी किंवा सेन्सरवरून परतलेला प्रकाश लेन्सच्या मागच्या काचेवरून पुन्हा सेन्सरवर येत असावा, असे मला वाटले. ही दुसरी शक्यता जुन्या लेन्सच्या बाबतीत खरोखरच असते, कारण फिल्मपेक्षा सेन्सरचा पृष्ठभाग अधिक चकचकीत असतो आणि जुन्या लेन्सच्या मागच्या काचांचे लेप तो लक्षात घेऊन केलेले नसतात. परंतु अशी परावर्तने शटरचा वेग बदलल्याने बदलत नाहीत. माझ्याकडे त्याच जागेवरून, त्याच लेन्सने साठाव्या भागाला काढलेले काही फोटो होते, आणि त्यांत ठिपके एक किंवा दोनच होते. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची आहे, त्यामुळे असे दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात. सेकंदाच्या तिसाव्या भागात अशा तीन उजळण्या मावतात, साठाव्या भागात एक ते दोन. म्हणजे ते तीन ठिपके ही एका दिव्याची तीन क्षणांतली तीन स्थाने होती, आणि त्या क्षणांदरम्यान प्रतिमा सेन्सरवर सरकत होती. तरीही रुंद लेन्सवर, एरवी मला जमणाऱ्या वेगाला, एवढी सरकण कशी, हा प्रश्न उरलाच.

हे उत्तर शोधायच्या आधी मी अडॅप्टरच्या मागे लागलो, आणि त्यातून निष्पन्न झाले ते वेगळ्या कारणाने महत्त्वाचे आहे. माझा अडॅप्टर स्वस्तातला, साध्या नळकांड्याच्या जातीचा होता. २८ मिमीचे फोटो पाहताना पुढे उभ्या राहिलेल्या नटांच्या वस्त्रांवरची जर विरघळल्यासारखी दिसे, आणि तो परिणाम हलल्याचा नव्हता, फोकस चुकल्याचा होता. एमआयडीसीतल्या एका लेथच्या कारखान्यात मायक्रोमीटरने चार ठिकाणी मोजले तेव्हा अडॅप्टरची जाडी ३०.५ ऐवजी सगळीकडे ३०.३५ मिमीच्या आसपास भरली. चारही मापे सारखी होती ही जमेची बाजू, नाहीतर एका बाजूचा कोपरा कायम मऊ राहिला असता. असे अडॅप्टर थोडे पातळच केलेले असतात, कारण जाड झाला तर अनंताचा फोकसच येत नाही आणि पातळ झाला तर लेन्स अनंताच्या थोडी पलीकडे जाते एवढेच. गिऱ्हाईक तक्रार करत नाही.

०.१५ मिमी ही कागदाच्या जाडीची गोष्ट वाटते, पण तिचा परिणाम लेन्सच्या फोकल लेन्थच्या वर्गावर ठरतो. अंतर ०.१५ मिमीने कमी पडल्यावर मोजपट्टीवर जो आकडा असताना लेन्स प्रत्यक्षात अनंतावर फोकस होते, तो आकडा म्हणजे फोकल लेन्थचा वर्ग भागिले ०.१५. १०५ मिमीसाठी तो सुमारे ७३ मीटर येतो, ५० मिमीसाठी सुमारे १७ मीटर आणि २८ मिमीसाठी जेमतेम सव्वापाच मीटर. म्हणजे मी मोजपट्टीवर विश्वासाने ५ मीटर लावत होतो, तेव्हा लेन्स जवळजवळ अनंतावर फोकस झालेली होती. एफ ४ ला तिची स्पष्टता साडेसहा मीटरच्या पुढे सुरू होत होती आणि नट त्याच्या अलीकडे उभे होते. बाबांची पद्धत चुकीची नव्हती, त्यांच्या कॅमेऱ्यात मध्ये अडॅप्टर नव्हता. जो व्ह्यूफाइंडरमधून फोकस करतो त्याला या पातळपणाचा त्रास जवळजवळ होत नाही, कारण तो सेन्सरवर पडलेले प्रत्यक्ष चित्र पाहून रिंग फिरवतो. २८ मिमीच्या या लेन्समध्ये जवळच्या अंतरावर कोपरे सुधारण्यासाठी आतल्या काचांचे परस्पर अंतरही फोकसबरोबर बदलते, आणि पातळ अडॅप्टरवर ते मेळ थोडे चुकतात, एवढे मात्र तिच्याबाबत लक्षात ठेवावे लागते.

कारखान्यातल्या माणसाने अडॅप्टरची पुढची कडी खोलून तिच्याखाली ०.१ मिमीच्या पितळी शिम, म्हणजे पातळ पत्र्याच्या पट्ट्या, घालून दिल्या. उरलेला ०.०५ मिमीचा पातळपणा मी मुद्दाम ठेवला. आता २८ मिमीची मोजपट्टी पंधरा मीटरच्या आत वापरण्याजोगी झाली आहे.

मात्र यातून नटांच्या वस्त्रांचा उलगडा झाला, दिव्यांचा झाला नाही. मंडपाची मागची भिंत साडेसहा मीटरच्या बरीच पलीकडे होती, ती तरी स्पष्ट यायला हवी होती, आणि तीही दुहेरी दिसत होती. अखेर उत्तर सापडले ते फोटोंची यादी लावताना. प्रत्येक फोटोबरोबर कॅमेरा जी माहिती नोंदवतो, तिच्यात संपूर्ण मंडप मावलेल्या, म्हणजे २८ मिमीनेच काढता येईल अशा फोटोखाली ‘१०५ मिमी’ असे लिहिलेले होते. त्याच्या आधीच्या फोटोखाली तेच, नंतरच्या फोटोखाली तेच. चारशेच्या चारशे फोटो कॅमेऱ्याच्या दृष्टीने १०५ मिमीचे होते. संध्याकाळी निघण्यापूर्वी मी मेनूमध्ये जाऊन चिप नसलेल्या लेन्सच्या रकान्यात १०५ हा आकडा भरला होता, आणि रात्रभरात लेन्स पाच-सहा वेळा बदलल्या तरी तो आकडा एकदाही बदलला नव्हता.

हा आकडा केवळ नोंदीसाठी असता तर काहीच बिघडले नसते. पण या कॅमेऱ्यात हाताची थरथर सावरण्यासाठी सेन्सर स्वतः हलतो, आणि किती हलायचे हे तो या आकड्यावरून ठरवतो. कॅमेरा एका लहान कोनातून वळला की प्रतिमा सेन्सरवर किती सरकेल, ते त्या कोनाच्या आणि फोकल लेन्थच्या गुणाकाराइतके असते. कोन कॅमेऱ्यातले संवेदक मोजतात. फोकल लेन्थ आधुनिक लेन्सची चिप सांगते आणि जुन्या लेन्सच्या वेळी माणूस सांगतो. १०५ मिमी लावलेली असताना १०५ हा आकडा असल्यामुळे तिची प्रतिमा उत्तम सावरली गेली. ५० मिमी लावल्यावर प्रतिमा ५० भाग सरकत होती आणि सेन्सर १०५ भाग हलत होता, म्हणजे उलट बाजूला ५५ भागांची चूक उरत होती. सावरणारी यंत्रणा बंद ठेवली असती तर याहून थोडी कमी चूक झाली असती. २८ मिमीवर २८ भागांच्या जागी १०५ भाग हालचाल होऊन ७७ भागांची चूक शिल्लक राहिली. यंत्रणा बंद असताना झाली असती तिच्या पावणेतीनपट. जी लेन्स थरथरीला सर्वांत कमी दाद देते तीच सर्वांत जास्त बिघडली, याचे कोडे इथे सुटले.

खात्री करण्यासाठी घराच्या पडवीत दिव्यांची तशीच माळ टांगली आणि २८ मिमी लेन्सने, तिसाव्या भागाला, हातात कॅमेरा धरून दहा-दहा फोटोंचे तीन संच काढले. आकडा १०५ असताना दिव्यांचे तीन-तीन ठिपके पुन्हा तसेच उमटले. यंत्रणा बंद केल्यावर ठिपके एकमेकांत मिसळून आखूड रेघ राहिली. आकडा २८ केल्यावर बहुतेक फोटोंत प्रत्येक दिव्याचा एकच बिंदू आला. लेन्स तीच, अडॅप्टर तोच, हातही तोच. आकडा १०५ ठेवून व्ह्यूफाइंडरमधून पाहिले तेव्हा चित्र पाण्यावर ठेवल्यासारखे तरंगत होते. जत्रेच्या रात्रीही ते मला जाणवले होते आणि जागरणाने डोळे थकले असतील असे समजून मी ते सोडून दिले होते. उलट चूक, म्हणजे लांब लेन्सवर लहान आकडा, इतकी घातक नसते हेही यातून कळले. १०५ मिमीवर ५० हा आकडा राहिला तर यंत्रणा निम्मी थरथर सावरते आणि निम्मी उरते. फोटो सुधारतो, फक्त हवा तेवढा सुधारत नाही. त्यामुळे लेन्स घाईत बदलायच्या असतील आणि आकडा बदलायला वेळ मिळणार नसेल, तर आपल्याजवळच्या लेन्सपैकी सर्वांत रुंद लेन्सचा आकडा ठेवावा किंवा यंत्रणा बंद करावी.

हे सगळे बाबांना सांगितले तेव्हा त्यांना सेन्सर कसा हलतो यात फारसा रस नव्हता, पण चुकीची जात त्यांनी क्षणात ओळखली. “लेन्स बदललंस, मगे आकडो कोणी बदलूचो?” एवढेच ते म्हणाले, आणि कपाटातून आपला एफएम२ काढून त्याच्या वरची एएसएची, म्हणजे फिल्मच्या संवेदनशीलतेची, चकती दाखवली. त्या कॅमेऱ्याला आत कोणती फिल्म भरली आहे हे कळत नसे. १००चा रोल काढून ४००चा भरला की चकतीही हाताने फिरवावी लागे, आणि ती फिरवायची राहिली तर अख्ख्या लग्नाचा रोल दोन स्टॉपने, म्हणजे प्रकाशाच्या चौपटीने, चुके. म्हणून रोल भरून पाठ बंद केल्यावर बोट चकतीवर गेल्याशिवाय कॅमेरा गळ्यात घालायचा नाही, असा नियम त्यांनी स्टुडिओतल्या प्रत्येक मदतनिसाला घालून दिला होता. तो नियम मी लहानपणापासून पाहिला होता. नव्या कॅमेऱ्यात ती चकती कोणती, एवढे मात्र माझ्या लक्षात आले नव्हते.

त्यानंतर मी तिन्ही लेन्सचे आकडे मेनूत वेगवेगळ्या क्रमांकांखाली भरून ठेवले आणि क्रमांक निवडण्याचे काम कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूच्या एका बटणाला नेमून दिले. ते बटण दाबून चकती फिरवली की आकडा बदलतो, मेनू उघडावा लागत नाही. अंधारात कोणती लेन्स हाताला आली हे कळण्यासाठी तिन्ही मागच्या झाकणांवर अनुक्रमे एक, दोन आणि तीन उंचवट्याचे ठिपके चिकटवले, आणि मेनूतले क्रमांकही तेच ठेवले. लेन्स बसल्याचा ‘टक्’ आवाज झाला की बोट बटणावर जाते. ॲपर्चरचा आकडा मात्र अजूनही कॅमेऱ्याला कळत नाही. चांगल्या फोटोंचे ॲपर्चर मी मध्यंतरात वहीत लिहितो.

पुढच्या जत्रेत २८ मिमीने काढलेले मंडपाचे फोटो तिसाव्या भागालाही नीट आले. तिथे एक वेगळीच गोष्ट आढळली. आवाज नको म्हणून काही वेळ मी कॅमेऱ्याचे आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर वापरले, आणि एलईडीच्या झोतात राजाच्या चेहऱ्यावर आडवे काळे पट्टे आले. याचा लेन्सशी संबंध नाही. तो दिव्यांच्या त्याच १०० उजळण्यांचा परिणाम आहे, कारण या शटरमध्ये सेन्सर ओळीओळीने वाचला जातो. यांत्रिक शटर आणि सेकंदाचा शंभरावा भाग यांवर परतलो तसे पट्टे गेले. जुन्या लेन्सच्या माथी असले दोषही सहज मारले जातात, म्हणून नोंदवून ठेवतो.

१०५ मिमी ही या तिघींमधली माझी सर्वांत आवडती लेन्स आहे, आणि तिच्याबद्दल माझे मत निःसंदिग्ध आहे : दशावतारासाठी याहून चांगली लेन्स मला हवीशी वाटलेली नाही. तिची आजची काचरचना १९७१ सालची आहे. तिची फोकस रिंग बोटभर फिरवली की एक मीटरपासून अनंतापर्यंतचा सगळा पल्ला हातात येतो, आणि ती इतकी गुळगुळीत फिरते की नट पाऊल टाकतो त्याच लयीत फोकस पुढे नेता येतो. तरीही मी नटाच्या मागे फोकस पळवत नाही. एफ २.८ ला चार मीटरवरच्या चेहऱ्यावर स्पष्टतेचा पट्टा जेमतेम वीतभर असतो. म्हणून बाकड्याच्या कडेवर चित्र मोठे करून फोकस लावतो, रिंगवरचे बोट काढतो आणि राजा बाकड्याजवळ येण्याची वाट पाहतो. दशावतारात तो येतोच, कारण सगळी राजसभा त्या एका बाकड्याभोवती भरते. फोकस लावताना ॲपर्चर एफ २.८ वरच ठेवतो, पूर्ण उघडून मग मिटवत नाही, कारण काही जुन्या लेन्समध्ये ॲपर्चर मिटवताना फोकस किंचित सरकतो आणि मिररलेस कॅमेऱ्यावर ती जोखीम घेण्याचे कारण उरत नाही.

५० मिमीची गोष्ट थोडी वेगळी आहे. आकडा बरोबर केल्यावर तिच्या रेघा गेल्या, प्रभावळ राहिली. झोत समोर असला की काळे रंग करडे होतात, आणि लेपावरची ती खूण असेपर्यंत ते तसेच राहणार. त्यामुळे रंगमंचावर मी ती आता लावत नाही. प्रयोगापूर्वी नट देवळाच्या बाजूच्या खोलीत आपापली ट्रंक उघडून, समोर लहान आरसा धरून स्वतःची रंगभूषा स्वतःच करत असतात. तिथे एकच दिवा असतो आणि मी तो पाठीशी घेऊन बसतो. त्या उजेडात, एफ २ ला, राणीची भूमिका करणाऱ्या नटाच्या भुवईवर काजळाची काडी टेकलेली असताना काढलेला फोटो या हंगामातला माझा सर्वांत चांगला फोटो आहे, आणि तो त्याच बुरशी लागलेल्या लेन्सने काढलेला आहे.